एक्स-रेचं बटण दाबायला कुठला कागद लागतो? न्यू जर्सी, कॅलिफोर्निया की टेक्सास

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. नाशिककडची, बीडीएस झालेली, इंटर्नशिप पूर्ण. नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीत, पण वर्षभरात टेक्सासमधल्या डॅलसला बदली होईल अशी कुणकुण. "ताई, इथे डॉक्टर म्हणून लगेच उभं राहता येणार नाही हे कळलंय. पण डेंटल असिस्टंटचं काम तर मिळेल ना? आणि एक्स-रे तर कॉलेजात ढिगाने काढलेत."

काम मिळेल, म्हटलं. एक्स-रे काढता येणार नाही.

हे ऐकून जवळजवळ प्रत्येक बीडीएसचा चेहरा पडतो. माझाही पडला होता. पाच वर्षांतला ओरल मेडिसिन आणि रेडिऑलॉजीचा विषय, पोस्टिंगमध्ये रांगेने बसवलेले पेशंट, डेव्हलपरचा तो आंबूस वास, सगळं पाठीशी असतं, आणि इथलं दवाखान्याचं रिसेप्शन विचारतं, "एक्स-रे लायसन्स आहे का?" खुर्चीशेजारी उभं राहून सक्शन धरायला, दातांच्या साच्यासाठी अल्जिनेट कालवायला, ट्रे मांडायला अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कसलाही परवाना लागत नाही. पण ट्यूब पेशंटच्या गालाशी नेऊन बटण दाबलं, की राज्य सरकार मध्ये येतं. संघीय सरकारने १९८१ साली किरणांच्या सुरक्षिततेचा एक कायदा केला, त्यात प्रशिक्षण कसं असावं हे सांगितलं, पण ते पाळायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. त्यामुळे जितकी राज्यं तितके कागद. जॉर्जियात सहा तासांच्या शिकवणीवर भागतं, कॅलिफोर्नियात ३२ तास लागतात. किरण दोन्हीकडे तेच.

म्हणून "डेंटल असिस्टंट कसं व्हायचं?" असं विचारत बसू नका. आपल्या राज्यात बटणाचा अधिकार कोण देतं, आणि तो कागद राज्य बदललं तर सोबत येतो का, एवढं शोधा.

त्याही आधी एक गोष्ट बघून घ्या. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर काम करायला ईएडी म्हणजे कामाचं परवानापत्र हवं, आणि ते २०१५पासून साधारणपणे तेव्हाच मिळतं जेव्हा जोडीदाराची ग्रीन कार्डाची आय-१४० ही याचिका मंजूर असते. ईएडी नसताना डॉक्टरांच्या मागे उभं राहून काम बघायला हरकत नाही. पण "पगार नको, नुसती मदत करते" म्हणत खुर्चीवर हात घालू नका. कोर्स करता येतो, परीक्षा देता येते, नोकरी नाही. हा क्रम उलटा करून पैसे अडकवलेल्या दोघीतिघी मला माहीत आहेत.

न्यू जर्सी: दोन दारं, दोन खाती

एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो या पट्ट्यात मराठी घरं भरपूर, म्हणून इथूनच सुरुवात. न्यू जर्सीत दातांचे एक्स-रे काढायचा परवाना दंतवैद्यकाचं बोर्ड देत नाही. तो देतं पर्यावरण खातं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं, समोरचा काहीतरी गफलत करतोय. पण विचार केला तर बरोबरच आहे: त्यांच्या लेखी दात दुय्यम, किरण मुख्य.

परवान्यासाठी दोन गोष्टी लागतात. राज्याने मान्य केलेला डेंटल रेडिओग्राफीचा कोर्स, आणि डॅन्बची रेडिएशन हेल्थ अँड सेफ्टी ही परीक्षा. डॅन्ब म्हणजे डेंटल असिस्टंटांच्या परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था, १९४८पासूनची. परीक्षेला सगळे आरएचएस म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

न्यू जर्सीत 'रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट' अशी नोंदणीही आहे, पण ती दंतवैद्यक बोर्डाकडे. तिच्यामुळे तोंडातली जास्तीची कामं करता येतात. म्हणजे नोंदणीचं दार एकीकडे, एक्स-रेचं दुसरीकडे. एका दारातून आत गेलात म्हणून दुसरं आपोआप उघडत नाही. नोकरीच्या जाहिरातीत "एक्स-रे लायसन्स आवश्यक" असतं तेव्हा त्यांना पर्यावरण खात्याचा कागद हवा असतो.

कॅलिफोर्निया: ३२ तास, आणि हात चालवून

कॅलिफोर्नियाची पद्धत मला सगळ्यांत पटते, म्हणून इथे जरा रेंगाळते. बे एरियात राहणाऱ्या वाचकांना तर हेच लागणार.

इथे डेंटल बोर्डाने मान्य केलेला रेडिएशन सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. किमान ३२ तास: ८ तास पुस्तकी, १२ तास प्रयोगशाळेत, १२ तास देखरेखीखाली खऱ्या पेशंटवर. आधी पुतळ्यावर. कवटी आणि दात असलेला हा पुतळा तोंड उघडून खुर्चीत बसवलेला असतो, तक्रार करत नाही, थुंकी गिळत नाही. त्याच्यावर फुल माउथ सिरीज, म्हणजे सगळ्या तोंडाच्या एक्स-रेंचा संच, काढायची, एका सिरीजमध्ये किमान १८ चित्रं, त्यातली ४ बाइटविंग, म्हणजे वरचे-खालचे मागचे दात एकत्र दाखवणारी. मग माणसांवर अशा चार सिरीज. पेशंटला त्या एक्स-रेची खरोखर गरज असली पाहिजे. नुसत्या सरावासाठी कुणाच्या तोंडावर किरण सोडता येत नाहीत. बहुतेक ठिकाणी पेशंट तुम्हीच आणायचा असतो. मग ओळखीपाळखीत "कुणाचे एक्स-रे राहिलेत का हो" विचारत फिरायचं. महाराष्ट्र मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप इथे कामी येतो, हे अनुभवाने सांगते.

पुतळ्यावर बीडीएसवाल्यांचा हात पटकन बसतो असं वाटतं, पण अडचण नेमकी सवयीची असते. आपल्याकडे फिल्म बोटाने धरायची पद्धत मुरलेली. पेशंटचा अंगठा तोंडात, फिल्म दाताला टेकवून, आणि कोन डोळ्याच्या अंदाजाने. लहान मूल असेल तर सिस्टर नाहीतर आई धरते. गावाकडे ज्या दवाखान्यात मी पहिली नोकरी केली, तिथे मी स्वतः कित्येकदा फिल्म धरून उभी राहिले आहे. वर "काही होत नाही, एका सेकंदाचं काम" हे ऐकवायचे. इथल्या कोर्समध्ये फिल्म किंवा सेन्सर होल्डरमध्येच बसतो, होल्डरच्या रिंगला ट्यूब समांतर लावायची, आणि चालवणाऱ्याने कधीही, कुणासाठीही, बोट लावायचं नाही. मूल हललं तर आईला एप्रन घालून धरायला सांगायचं, आपण नाही. पहिल्या दिवशी माझा हात तीनदा पुतळ्याच्या तोंडाकडे गेला. तिन्ही वेळा शिकवणाऱ्या बाईंनी न बोलता पेन्सिलीने मनगटावर टिचकी मारली.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. आड भिंत नसेल तर पेशंटपासून किमान ६ फूट, आणि किरणांच्या मुख्य झोताला ९० ते १३५ अंशांच्या कोनात. म्हणजे झोताच्या समोर नाही आणि अगदी पाठीमागेही नाही, तिरकं. अंतर दुप्पट केलं की मात्रा एक चतुर्थांश होते, हे बारावीच्या फिजिक्समध्ये होतं. खुर्चीशेजारी उभं राहून ते आठवायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

या ३२ तासांशिवाय कॅलिफोर्नियात ८ तासांचा इन्फेक्शन कंट्रोल, २ तासांचा राज्याच्या दंतकायद्याचा आणि सीपीआरचा कोर्सही असिस्टंटला करावा लागतो. 'आरडीए' (रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट) हा इथे वेगळाच, वरच्या पायरीचा परवाना आहे. त्याला मान्य शिक्षण किंवा कामाचा अनुभव लागतो, आणि लेखी परीक्षा.

टेक्सास: तीच तीन अक्षरं, अर्थ वेगळा

टेक्सासमध्येही आरडीए आहे. पण इथे आरडीए म्हणजे मुख्यतः एक्स-रे काढायची परवानगी. म्हणून डॅलसच्या जाहिरातीतला आरडीए आणि सॅन होजेच्या जाहिरातीतला आरडीए एकच समजून अर्ज करू नका. मुलाखतीत फजिती होते.

टेक्सासचा रस्ता सगळ्यांत आखूड. रेडिऑलॉजी, इन्फेक्शन कंट्रोल आणि राज्याचा कायदा या तीन विषयांचा कोर्स व परीक्षा, हात लावून केलेलं सीपीआर प्रशिक्षण, बोटांचे ठसे, आणि राज्याच्या दंतबोर्डाकडे अर्ज. बीडीएसला अभ्यास असा फारसा नाहीच, कायद्याचा भाग सोडला तर. तो मात्र वाचाच. कुठलं काम असिस्टंटकडे सोपवता येतं आणि कुठलं नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. प्रत्यक्ष सराव मात्र कॅलिफोर्नियाच्या मानाने फारच कमी. कागद लवकर हातात येतो, हात बसायला दवाखान्यातले पहिले दोन महिने जातात.

डॅन्ब: राज्य नसलेला कागद

आरएचएस परीक्षेला कसलीही पूर्वअट नाही. पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्रात जाऊन किंवा घरून देखरेखीखाली देता येते, गुण १०० ते ९०० या पट्टीवर, पास व्हायला ४००. न्यू जर्सीसारख्या राज्यांत ती परवान्याची पायरी आहेच, पण तिचा दुसरा उपयोग असा की ती डॅन्बच्या सीडीए (सर्टिफाइड डेंटल असिस्टंट) प्रमाणपत्राच्या तीन परीक्षांपैकी एक आहे. बाकीच्या दोन म्हणजे इन्फेक्शन कंट्रोल आणि खुर्चीशेजारच्या कामाची.

सीडीएला एरवी मान्यताप्राप्त शाळेचा कोर्स किंवा ३,५०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेबाहेरच्या दंतपदवीधारकांसाठी मात्र वेगळा मार्ग ठेवलेला आहे. म्हणजे इतका वेळ ज्या बीडीएसला कुणी विचारत नव्हतं, तिचं वजन इथे पडतं. दरवर्षी नूतनीकरण, त्यासाठी १२ क्रेडिट्स. पण हे नीट समजून घ्या: सीडीए असलं तरी टेक्सासची नोंदणी टेक्सासच्याच बोर्डाकडे करावी लागते. राष्ट्रीय प्रमाणपत्राने राज्याचा दरवाजा सोपा होतो, उघडत नाही.

आकडे कुणाचे कडक?

घरून विचारतात, "रोज एक्स-रे काढायचे, तब्येतीचं काय?" एईआरबी म्हणजे आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबईत अणुशक्तीनगरला. त्यांची किरणांत काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. अमेरिकेत वर्षाला ५०. गरोदरपण कळवल्यावर बाळासाठी भारतात १ मिलिसीव्हर्ट, अमेरिकेत पूर्ण गरोदरपणात ५. कागदावर आपण जास्त कडक आहोत.

पण दंतवैद्यक कायदा आला १९४८ साली, त्यात नोंदणी ठेवली दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टची आणि कवळ्या बनवणाऱ्या डेंटल मेकॅनिकची. खुर्चीशेजारी दिवसभर उभ्या राहणाऱ्या असिस्टंटला त्या नोंदणीत जागाच मिळाली नाही. बहुतेक दवाखान्यांत ती डॉक्टरांच्या हाताखाली बघूनच शिकते. अमेरिकेत आकडा सैल, पण बटण दाबणाऱ्याच्या हातात कागद लागतो.

नीट काम केलं तर दोन्हीकडचे आकडे फार दूर राहतात. चौकोनी कॉलिमेटर (झोत आवळून धरणारा भाग) आणि डिजिटल सेन्सर वापरून काढलेल्या चार बाइटविंगची पेशंटला बसणारी मात्रा साधारण ५ मायक्रोसीव्हर्ट (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग). निसर्गातूनच माणसाला वर्षाला सुमारे ३ मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे त्याच्या सहाशेपट. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने तर २०२४मध्ये पेशंटला शिशाचा एप्रन आणि थायरॉइड कॉलर घालायची पद्धत थांबवायची शिफारस केली. झोत नेमका दातावर बांधणं जास्त महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. तरी नोकरीत हे ज्ञान पाजळू नका. काही राज्यांचे नियम अजून एप्रन मागतात, आणि तिथे नियमच चालतो.

मग कुणी काय करावं

पुढची तीन-चार वर्षं कॅलिफोर्निया सोडणार नसाल, तर ३२ तासांचा कोर्स. महाग पडतो, पण त्यातला सराव पुढे डेंटल स्कूलच्या अर्जातही बोलतो.

टेक्सासला स्थिर असाल तर सरळ तिथला आरडीए. उगीच दुसऱ्या राज्याचा मोठा कोर्स शोधू नका.

न्यू जर्सीत असाल आणि हलणार नसाल, तर आधी मान्य कोर्सची यादी पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर बघा आणि मगच पैसे भरा. "आम्ही एक्स-रे सर्टिफिकेट देतो" म्हणणाऱ्या एका ऑनलाइन क्लासला मी पैसे देऊन बसले होते. सर्टिफिकेट आलं, छान छापलेलं होतं, राज्याने विचारलंही नाही. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

आणि दोन वर्षांत पुन्हा डॉक्टर व्हायचंच असेल, आयएनबीडीई या डेंटिस्टांच्या राष्ट्रीय परीक्षेचा अभ्यास आणि परदेशी पदवीधारकांच्या प्रवेशाचे अर्ज चालू असतील, तर सगळ्यांत आखूड कागद घ्या आणि उरलेला वेळ त्या अभ्यासाला द्या. फ्लोरिडात असाल तर एक वेगळी वाटही बघा: तिथे परदेशी दंतपदवीधारकांना हायजिनिस्टच्या परवान्याच्या परीक्षांना बसता येतं, आणि तो पगार असिस्टंटच्या बराच वर असतो.

नाशिककडच्या त्या मुलीला मी आरएचएस द्यायला सांगितलं. न्यू जर्सीत राहिली तर ती लागणारच, डॅलसला गेली तरी सीडीएच्या खात्यात जमा. न्यू जर्सीचा कोर्स मात्र थांबवला. "बदलीचं नक्की कधी कळणार?" विचारलं तर म्हणाली, दिवाळीपर्यंत. अभ्यासाला तेवढे दिवस पुरतात.