फ्लॅटपॅक: मेन्यू बघून दिलेले मार्क

पॅकेज मॅनेजरला, म्हणजे लिनक्सवर अॅप टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामला, मी मार्क देते ते मेन्यू बघून. अॅप टाकलं की लगेच दिसलं पाहिजे, काढलं की त्याचं नामोनिशाण उरता कामा नये. या कसोटीवर फ्लॅटपॅक चांगलंच आहे, सुरुवात तेवढी रडकी.

नव्याने फ्लॅटपॅक बसवून पहिलं अॅप टाकलं की बरेचदा मेन्यूत काहीच दिसत नाही. त्याच्या डेस्कटॉप फाइल्स (मेन्यूला अॅपचं नाव, आयकॉन आणि कमांड सांगणाऱ्या) असतात व्हार/लिब/फ्लॅटपॅकच्या एक्स्पोर्ट्स फोल्डरमध्ये, आणि ती जागा एक्सडीजी_डेटा_डिर्स या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मेन्यूने कुठले फोल्डर धुंडाळायचे त्या यादीत, जोडली जाते लॉगिनच्या वेळी. लॉगआउट करून परत आलं की सगळं जागेवर. टर्मिनलवर तशी सूचना येते, पण वाचतं कोण!

यावर ‘अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस चालवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. ती कमांड बनवते माइमइन्फो कॅश, म्हणजे कुठली फाइल कुठल्या अॅपने उघडायची याची यादी. मेन्यूतल्या गायब आयकॉनला तिचा काडीचा उपयोग नाही. केडीईच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपवर मेन्यूची कॅश नव्याने बांधायला केबिल्डसायकोका६ आहे. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप फोल्डरवर स्वतःच नजर ठेवून असतो.

खरी कटकट जोड्यांची. फायरफॉक्स एपीटीनेही (डेबियन-उबंटूचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर) टाकलेलं आणि फ्लॅटपॅकनेही, की मेन्यूत दोन सारखेच आयकॉन. एक फाइल फायरफॉक्स.डेस्कटॉप, दुसरी ऑर्ग.मोझिला.फायरफॉक्स.डेस्कटॉप, फाइलची नावं वेगळी म्हणून मेन्यूच्या लेखी अॅपही वेगळी. नाव एकच असेल तर यादीत आधी येणारा फोल्डर जिंकतो, आणि पहिला मान आपल्या होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्सचा.

तिथे एक गोम आहे. एक्झेकची ओळ (अॅप सुरू करणारी कमांड) बदलायला फाइल तिथे कॉपी केली असेल, तर अॅप काढलं तरी ती कॉपी तशीच राहते. पॅकेज मॅनेजर तिला हात लावत नाही (आणि लावूही नये, फाइल आपली आहे). क्लिक करत बसा, उघडत काही नाही. त्या कॉपीत ट्रायएक्झेक ओळ घालून एक्स्पोर्ट्सच्या बिन फोल्डरमधल्या त्या अॅपच्या फाइलचा पूर्ण पाथ द्यावा. अॅप काढल्यावर ती फाइल गेली की आयकॉन आपोआप लपतो.

बाकी अनइन्स्टॉल स्वच्छ. डेटा मात्र होम फोल्डरमधल्या .व्हार/अॅपमध्ये उरतो, म्हणून काढताना डिलीट-डेटा पर्याय न विसरता द्यायचा. अॅपइमेज (एकाच फाइलमध्ये मिळणारं अॅप) तर स्वतःहून मेन्यूत येतच नाही, त्यापुढे हे कितीतरी बरं.

पाचापैकी चार. एक मार्क कापला जोड्यांसाठी: तेच अॅप एपीटीने आधीच बसवलेलं असतं, तरी टाकताना हे एका शब्दाने विचारत नाही.