खचलेले पेव्हर ब्लॉक उचलून पुन्हा बसवले : आखाजी ते होळी, काळ्या मातीवरचा अनुभव

नवे पेव्हर ब्लॉक कसे बसवायचे याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. खचलेले ब्लॉक उचलले, खालचं काम केलं, तेच ब्लॉक परत लावले आणि त्यावरून एक अख्खा पावसाळा गेला की काय उरतं, हे मात्र कुणी सांगत नाही. आमचं काम आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर झालं. आता होळी आली. मधल्या काळात पाऊस, थंडी, लग्नाचा मांडव आणि भरीत पार्टी असं सगळं त्या अंगणाने सोसलंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

घर जळगावच्या कडेला आहे. पूर्वी कपाशीची असलेली जमीन, म्हणजे अस्सल काळी माती. गेटपासून ओट्यापर्यंत झिगझॅग ब्लॉकची वाट, पुढे अंगण, आणि मागे हौदाकडे जाणारी उभ्या विटांची जुनी फरसबंदी. दुरुस्तीआधी अंगणाच्या मध्यभागी परातीएवढं पाणी साचायचं, कंपाउंडच्या बाजूची ओळ बाहेर सरकली होती, आणि कडुनिंबाशेजारचे ब्लॉक ठेच लागेल इतके वर आले होते.

पहिल्यांदा आलेल्या ठेकेदाराचं म्हणणं होतं की खचलेल्या जागी ब्लॉक उचलू, कच (दगडाचा बारीक चुरा) टाकून लेव्हल करू, संध्याकाळपर्यंत मोकळं. शंभरातले नव्वद जण हेच करतात. आमच्याकडे शेवटी जे मिस्तरी आले (चाळीसगावकडचे, वयाने मोठे, आम्ही त्यांना नाना म्हणतो), त्यांनी ब्लॉककडे पाहिलंच नाही. गच्चीचा पाइप कुठे पडतो ते बघितलं, चेंबरचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "पानी कथा जास ते पैले देख, भाऊ." (पाणी कुठे जातं ते आधी बघ.) गच्चीचं सगळं पाणी भिंतीच्या कडेला पडत होतं आणि ब्लॉकच्या फटींतून खाली मुरत होतं. नळाच्या जोडणीसाठी मागे कधीतरी खणलेला चर नुसता माती ढकलून बुजवला होता, तोही त्याच रेषेत. अंगण बरोबर तिथेच बसलं होतं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तीच माती आपल्या अंगणाखाली असते, फक्त दिसत नाही. त्यामुळे वरून जाड कच टाकणं हा इथे उपाय नव्हेच. ब्लॉकखालचा कचेचा किंवा वाळूचा थर २५ ते ३० मिलीमीटरच हवा. खड्डा भरायला तोच तीन-चार इंच केला, तर चाकाखाली तो बाजूला सरकतो आणि खड्डा परत येतो. खोली भरून काढायची ती मुरमाने, थरांनी, पाणी मारून आणि धुम्मस करून, म्हणजे ठोकून दाबून.

आम्ही खचलेल्या पट्ट्यातली काळी माती दीड फूट काढली. इथे एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. काळ्या मातीत खड्डा करून मुरूम भरला की खाली एक हौदच तयार होतो. मुरमातून पाणी पटकन उतरतं, पण बाजूची माती ते पुढे जाऊ देत नाही, मग ते तिथेच बसून माती फुगवत राहतं. म्हणून नानांनी खड्ड्याच्या तळाला गटाराकडे उतार दिला, घराच्या भिंतीलगत दोन फुटांचा काँक्रीटचा पट्टा टाकला आणि गच्चीचा पाइप बंद नळीने थेट गटारात नेला. एकूण खर्चाचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या कामात गेला. घरच्यांना ते पटायला वेळ लागला.

ब्लॉक काढणं हा वेगळाच ताप. मूळ काम करणाऱ्याने फटींमध्ये सिमेंटची स्लरी (पातळ कालवण) ओतली होती. दिसायला छान, गवत उगवत नाही, म्हणून लोक हौसेने करून घेतात. पण अशी फरसबंदी थोडी हलती राहण्यासाठीच असते. स्लरीने ती आखडते, मग माती हलली की फट सोडून ब्लॉकच तडकतो, आणि उचलायला गेलं की कोपरे उडतात. पहिला ब्लॉक तर फोडावाच लागला. पुढचे पटाशी आणि पहारीने उचकटले, प्रत्येकाच्या कडेचं सिमेंट खरवडलं, कारण कडेला मिलीमीटरभर जरी चिकटून राहिलं तरी दहा ओळींनंतर रांग जुळत नाही. बिगारींचा सर्वांत जास्त वेळ या खरवडण्यात गेला. ज्यांच्याकडे नुसती वाळू भरलेली आहे, त्यांनी स्वतःला नशीबवान समजावं.

फुटलेल्यांच्या जागी नवे आणायला एमआयडीसीत गेलो, तेव्हा कळलं की आमचा साचा बंद झालाय. दिसायला तोच झिगझॅग, पण आकारात दोन-तीन मिलीमीटरचा फरक. रंगही जुळेना, कारण रंगाचा थर वरचा थोडाच असतो आणि जुन्याचा उन्हापावसाने झिजलेला. यावर तोड निघाली ती अशी : पाण्याच्या टाकीमागचे जुने ब्लॉक काढून पुढे लावले आणि नवे टाकीमागे, जिथे कुणी बघत नाही. तुम्ही नवं काम करत असाल तर पन्नास-साठ ब्लॉक जास्तीचे घेऊन गच्चीवर ठेवाच. आणखी एक, रबराच्या साच्यातले चकाकणारे ब्लॉक दुकानात देखणे वाटतात, पण पावसाळ्यात त्यावरून म्हातारी माणसं घसरतात. वाटेसाठी खरबरीतच घ्या.

मागच्या विटांच्या वाटेबद्दल फार लिहीत नाही, कारण ती वाचली नाही. भट्टीच्या साध्या विटा बांधकामाच्या. मानकाप्रमाणे अशी वीट वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते, पेव्हर ब्लॉकला सरासरी ६ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यात आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं. लोणा लागून विटांचे पोपडे सुटत होते. उलट्या करून पुन्हा लावल्या, तर दिवाळीपर्यंत ती बाजूही भुसभुशीत झाली. हौदाजवळ विटांची दुरुस्ती करू नका, सरळ बदला.

आता पावसाळ्याचा निकाल. जिथे माती काढून मुरूम भरला आणि पाणी वळवलं, ते अंगण सपाट आहे. उतार दहा फुटाला अडीच इंच दिला होता, पाऊस थांबला की थोड्या वेळात कोरडं होतं. कंपाउंडच्या बाजूला काँक्रीटमध्ये कर्ब (कडेचा आधाराचा ठोकळा) बसवला, ती ओळ जागची हलली नाही. कडेला आधार नसेल तर मधलं काम कितीही चांगलं असो, ब्लॉक बाहेर पसरतातच.

वाटेचा एक भाग मात्र पैसे वाचवायला नुसता कच बदलून बसवला होता. तिथे श्रावणात ब्लॉक वर आले, आणि आता फाल्गुनात परत बसलेत, तेही सारखे नाहीत, लाटेसारखे. यात काम कोणत्या महिन्यात झालं याचाही वाटा आहे. आखाजीच्या सुमारास माती पूर्ण आक्रसलेली असते. तिच्यावर लेव्हल धरली की पावसात ती उचलणारच. नानांच्या मते अशा कामाला दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा, ओल मध्यम असते. पण तेव्हा मिस्तरी मिळत नाहीत, आणि मे महिन्यात ४५ अंशांत काम करायला तेच तयार होतात कारण पावसाआधी सगळ्यांना घाई असते. हे गणित कुणालाच सुटलेलं नाही.

फटींची वाळू पहिल्या दोन मोठ्या पावसांत बरीच वाहून गेली. हे होणारच. बारीक, कोरडी वाळू पुन्हा पसरून झाडूने आत सारली, पावसाळ्यानंतर आणखी एकदा. त्यानंतर टिकलीय. बसवताना प्लेट व्हायब्रेटर (ब्लॉक हादरवून दाबणारं यंत्र) भाड्याने आणला होता, तो वाळू टाकण्याआधी आणि टाकल्यावर, दोन्ही वेळा फिरवायला लावा. बरेच जण एकदाच फिरवतात. फटीत लव्हाळा येतोच, तो ओल असताना गाठीसकट उपटायचा. आणि गाडी धुण्याचा प्रेशर पंप फटींवर धरला की तुमची सगळी वाळू गटारात गेली म्हणून समजा. शेजारचे आप्पा दर रविवारी तेच करतात, त्यांना सांगून उपयोग नाही.

कडुनिंबाची मुळं तोडली नाहीत. खोडाभोवतीची दोन फुटांची जागा ब्लॉकशिवाय मोकळी ठेवली, तिथे खडी पसरली. अजून तरी ठीक आहे.

ब्लॉकना खरा त्रास माणसांनी दिला. मांडववाल्यांनी खांबासाठी पहार घालून चार ब्लॉक फोडले. आता अट घातलीय की खांब वाळूच्या डब्यात उभे करायचे. हिवाळ्यात भरितासाठी तुरकाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) थेट ब्लॉकवर पेटवल्या, तिथे वरचा थर टवके उडून निघाला. काँक्रीटला अशी आग मानवत नाही, खाली जुना पत्रा आणि मातीचा थर घ्यावा. उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवायला मात्र हे अंगण झकास, सपाट झाल्यामुळे आईची खाट डगमगत नाही.

खर्च नव्या कामाच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा कमी आला, त्यातही नळी आणि काँक्रीटचा पट्टा धरून. ब्लॉक धड असतील तर मी पुन्हा दुरुस्तीच करीन. ब्लॉक स्वतः झिजून खडी दिसायला लागली असेल, तर उचलण्याची मजुरी वाया जाते.

राहिलं गेटजवळचं. तिथून भावाचा भरलेला ट्रॅक्टर आत येतो आणि खाली ६० मिलीमीटरचे ब्लॉक आहेत, जे कार-स्कूटरसारख्या हलक्या वाहनांसाठी ठीक. ते पुन्हा दबायला लागलेत. दिवाळीनंतर तो पट्टा काढून ८० मिलीमीटरचे टाकायचे ठरलंय, नानांना आत्ताच सांगून ठेवलंय. तोपर्यंत ट्रॅक्टर गेटबाहेर.