एमजीबी रोडस्टर (1972): नऊ महिने आणि चार हजार मैलांनंतर

एमजीबी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार. घेताना मी रंग पाहिला, क्रोमचे बंपर पाहिले, तारांची चाकं पाहिली. दारांखालचे सिल, म्हणजे तिथल्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, नीट पाहिले नाहीत. या गाडीला वेगळी चासी नाही आणि वर छप्पर नाही, त्यामुळे बॉडीचा ताठपणा मुख्यतः त्या सिलमध्येच असतो. दुसऱ्याच महिन्यात जॅक लावला आणि दार चौकटीत अडकलं. आधी कुणीतरी गंजावरच नवा पत्रा चढवून रंग मारला होता. दोन्ही बाजू कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागलं. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्यात गेला.

इथे इंग्लंडमध्ये एमजीबीचा भाव बंपरवरून ठरतो. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 अशी ही गाडी बनली. सुरुवातीच्या इंजिनात क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) तीन बेअरिंग होती, 1964 च्या अखेरीस पाच झाली. बंद छपराची जीटी 1965 मध्ये आली. 1967 च्या शेवटी पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खडखड न करता पडू देणारी यंत्रणा) मिळाला, शहरात चालवायची असेल तर हा बदल फार मोलाचा. 1974 मध्ये अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर लागले, गाडी उंच झाली आणि वळणावरची पकड ढिली पडली. म्हणून त्या गाड्या आजही स्वस्त मिळतात. तरी माझं मत पक्कं आहे: सिल शाबूत असलेली रबरी बंपरवाली गाडी गंजक्या क्रोमवालीपेक्षा केव्हाही चांगली.

पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्यामुळे हिला जॅग्वार ई-टाइपसारखा भाव येत नाही. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी दुसरं काही बघावं. मला मात्र याचाच फायदा झाला. जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. 1988 पासून तर मूळ साच्यांवर काढलेली अख्खी बॉडीसुद्धा मिळते.

चाळीस वर्षांवरची असल्याने रोड टॅक्स शून्य, गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे का हे पाहणारी वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. मी ती तरीही करून घेतो. पेट्रोल ई5 च (5 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) भरा, ई10 ने (10 टक्क्यांपर्यंतच्या) जुने रबरी पाइप खराब होतात. हायवेवर ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरवरचा जादा गिअर) टाकला की इंजिनाचे फेरे जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतात आणि शेजारच्याशी बोलता येतं.

जूनमध्ये नाशिकहून मामा आले होते. त्यांनी पंचवीस वर्षं अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी चालवली. बॉनेट उघडताच म्हणाले, "अरे, हे तर आपलंच इंजिन!" खरंच आहे ते. अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसी आणि हिचं 1798 सीसी, दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीज इंजिनांच्या घराण्यातली. मामांनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मागितला, बाह्या सरसावल्या आणि आठही टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, सेट केले. मॅन्युअल मी हातात धरून उभा होतो, त्यांनी एकदाही विचारलं नाही. तेव्हापासून इंजिनाची टकटक गेली ती गेलीच.