रास्पबेरी पायवरचे लिब्रेएलेक : टीव्हीशेजारच्या छोट्या संगणकाचा वर्षभराचा अनुभव

टीव्हीला जोडण्यासाठी एक वेगळा संगणक हवा, असे मी घरी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ‘टीव्ही स्मार्ट असताना हे कशाला’ हा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. आमच्या साताऱ्याच्या घरी बाबांनी जमवलेल्या नाटकांच्या व्हीसीडी, धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेली फाइल, काही डीव्हीडी आणि पंधरा वर्षांचे मोबाइलवरचे चित्रण एका हार्ड डिस्कवर साठले होते. ती डिस्क टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावली की नुसत्या फाइलींच्या नावांची लांबलचक यादी दिसे. काही चित्रपटांचा आवाज येत नसे, कारण त्यातला डीटीएस ध्वनी आमच्या टीव्हीला वाचता येत नाही, आणि अर्धवट पाहिलेले नाटक दुसऱ्या दिवशी पुन्हा नांदीपासून सुरू होई. या अडचणींवर उपाय म्हणून रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिब्रेएलेक ही लिनक्स प्रणाली बसवून मी तो टीव्हीमागे चिकटवला. त्याला आता वर्ष होऊन गेले आहे.

लिब्रेएलेक ही उबंटू किंवा डेबियनसारखी सर्व कामांसाठीची प्रणाली नव्हे. तिचे एकच काम आहे, ते म्हणजे संगणक सुरू होताच चित्रफिती आणि त्यांचा संग्रह दाखवणारा कोडी हा संगणकीय कार्यक्रम (सॉफ्टवेअर) उघडून देणे. कोडीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. २००२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रफिती पाहता याव्यात म्हणून काही हौशी मंडळींनी तो लिहायला घेतला. पुढे अनेक वर्षे तो एक्सबीएमसी या नावाने ओळखला जात होता आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कोडी झाले. लिब्रेएलेक २०१६ मध्ये ओपनएलेक या जुन्या प्रकल्पातून फुटून निघाले. मी वापरतो ती बारावी आवृत्ती कोडीच्या एकविसाव्या, म्हणजे ‘ओमेगा’ या आवृत्तीवर उभी आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्हींत जाहिरात नाही. स्मार्ट टीव्हीच्या पहिल्या पडद्यावरचा जाहिरातींचा बाजार रोज पाहणाऱ्याला ही दुसरी गोष्ट केवढी मोठी वाटते, ते वेगळे सांगायला नको.

पाय ५ बाजारात असताना पाय ४ का घेतला, हे मला अनेकांनी विचारले. पाय ५ चा प्रोसेसर निःसंशय वेगवान आहे, परंतु त्यात एच.२६४ या प्रकारच्या चित्रफिती उलगडणारा स्वतंत्र हार्डवेअर भाग ठेवलेलाच नाही. तो भाग केवळ एचईव्हीसी या नव्या प्रकारासाठी आहे. घरगुती संग्रहातल्या बहुतांश फाइली अजूनही एच.२६४ मधल्याच असतात. पाय ५ त्या प्रोसेसरच्या बळावर सहज चालवतो हे खरे, पण जे काम पाय ४ हार्डवेअरच्या आधाराने थंडपणे करतो त्यासाठी जास्त पैसे, जास्त उष्णता आणि बहुधा पंखाही पत्करण्यात मला अर्थ दिसला नाही. पाय ४ एचईव्हीसीमधले ४के चित्रही सेकंदाला ६० चौकटींपर्यंत (फ्रेमपर्यंत) उलगडतो आणि उजेड-अंधाराचा अधिक पल्ला असलेले एचडीआर१० चित्र दाखवतो. त्याच कामाचा डॉल्बी व्हिजन हा दुसरा प्रकार मात्र त्याच्याकडून होत नाही. मेमरी २ जीबी असली तरी पुरते. मी ४ जीबीचा घेतला, ती उधळपट्टी होती.

या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो विजेच्या अडॅप्टरने. ज्या दुकानातून संच घेतला तिथे ‘कोणताही चांगला मोबाइल चार्जर चालतो’ असे ठामपणे सांगून एक बिननावाचा चार्जर सोबत देण्यात आला. पहिले दोन आठवडे नाटक ऐन रंगात आले की पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या लोळासारखे एक छोटे पिवळे चिन्ह चमकून जाई आणि पाठोपाठ चित्र अडखळे. एकदा तर डिस्कच गायब झाली. ते चिन्ह म्हणजे विद्युतदाब कमी पडत असल्याचा पायने दिलेला इशारा असतो, हे मला फार उशिरा कळले. पायला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा, रास्पबेरी पायचाच अडॅप्टर आणला आणि त्या दिवसापासून ते चिन्ह पुन्हा दिसले नाही. पायवरच्या यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच वीज मिळते, त्यामुळे त्यांच्यावर दोन हार्ड डिस्क एकदम चालवण्याचा मोहही टाळलेला बरा. ज्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर आहे, ती उत्तम.

बसवण्याचे काम त्या मानाने किरकोळ आहे. संकेतस्थळावरून आपल्या पायसाठीची फाइल उतरवून घ्यायची, रास्पबेरी पाय इमेजर या साधनाने ती मेमरी कार्डावर लिहायची आणि कार्ड पायमध्ये सरकवून वीज द्यायची. पहिल्या खेपेस तो स्वतःच कार्डावरची उरलेली जागा ताब्यात घेतो, एकदा बंद होऊन चालू होतो आणि मग वायफायचा पासवर्ड वगैरे चार प्रश्न विचारतो. त्यात सांबा (घरातल्या नेटवर्कवर फोल्डर वाटून देणारी सोय) चालू ठेवू का, असे विचारले की हो म्हणावे, म्हणजे घरातल्या विंडोजच्या लॅपटॉपवरून पायवरचे फोल्डर सरळ उघडता येतात. एक सूचना मात्र आवर्जून करतो. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत, त्यांपैकी विजेच्या पोर्टाला लागून असलेलेच वापरावे. मी सोयीसाठी दुसऱ्यात केबल खुपसली होती आणि रिमोट का चालत नाही म्हणून एक संपूर्ण रविवार घालवला.

रिमोटचा हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात नवे यंत्र टिकेल की नाही ते त्यावरच ठरते. एचडीएमआय केबलमधूनच टीव्ही आणि जोडलेले यंत्र एकमेकांना आज्ञा देऊ शकतात. या सोयीचे नाव सीईसी, पण सॅमसंगच्या टीव्हीवर ती एनीनेट प्लस, एलजीच्या टीव्हीवर सिंपलिंक आणि सोनीच्या टीव्हीवर ब्राव्हिया सिंक अशा नावांमागे दडलेली असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतो. ‘म्हणजे नवा रिमोट नाही ना? मग चालेल,’ असे आई म्हणाली आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून ती कोणाला न विचारता तो वापरू लागली. मधले ओके बटण दाबून धरले की अधिक पर्यायांची यादी उघडते, एवढेच तिला एकदा दाखवावे लागले. याच्या उलट, पाय ४ ला चालू-बंद करायचे बटण नाही. एकदा बंद केला की पुन्हा सुरू करण्यासाठी भिंतीवरचा खटका पाडून परत लावावा लागतो. म्हणून आम्ही तो बंदच करत नाही. पाच-सहा वॅट विजेसाठी रोज टीव्हीमागे वाकण्याची कोणाची तयारी नाही.

चित्राच्या दर्जाबद्दल लिहिताना एका सेटिंगवर थांबणे भाग आहे. चित्रपट सहसा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. आपल्याकडचे दूरदर्शन, व्हीएचएस, व्हीसीडी आणि डीव्हीडी पाल या दूरचित्रवाणीच्या पद्धतीच्या असल्यामुळे त्यांत सेकंदाला २५ चौकटी असतात. टीव्हीला जोडलेली यंत्रे मात्र मुळात सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतात. २५ चौकटी ६० वेळांत बसवायच्या तर काही दोनदा आणि काही तीनदा दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा आडवा सरकताना तो असमतोल डोळ्यांना झटक्यासारखा जाणवतो. कोडीच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र पाठवण्याचा वेग, चित्रफितीनुसार बदलण्याचा पर्याय आहे. तो ‘सुरू होताना आणि थांबताना’ असा ठेवला की पाल चित्रासाठी टीव्ही आपोआप ५० हर्ट्झवर जातो आणि प्रत्येक चौकट बरोबर दोनदा दिसते. बहिणीच्या लग्नाच्या फाइलीत मंडपावरून कॅमेरा फिरतो तो भाग आधी अडखळत सरकायचा, तो या एका बदलाने सलग झाला. त्याच फाइलीत अक्षता पडताना उंचावलेल्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत. चित्रफीत चालू असताना व्हिडिओच्या पर्यायांत जाऊन डीइंटरलेस सुरू केल्यावर त्या गेल्या. टीव्ही ४के असला तरी कोडीचा मेन्यू १०८०पीवरच ठेवावा आणि ४के केवळ तशा चित्रफितींसाठी परवानगीच्या यादीत घालावे. नाहीतर मेन्यू विनाकारण जड होतो.

संग्रहाची मांडणी हे कोडीचे खरे वैभव आहे, पण ते आयते मिळत नाही. तो फाइलीचे नाव वाचून इंटरनेटवरच्या माहितीसाठ्यातून भित्तिपत्र, कलावंत आणि कथासार आणतो. मराठी नावे रोमन लिपीत प्रत्येकजण आपापल्या परीने लिहीत असल्यामुळे इथे बराच गोंधळ उडतो. माझ्याकडची ‘श्यामची आई’ ही आचार्य अत्र्यांची १९५३ सालची, पण फाइलीच्या नावात वर्ष नसल्यामुळे तिच्यावर २०२३ च्या सुजय डहाके यांच्या चित्रपटाचे भित्तिपत्र येऊन बसले आणि बाबा दोन दिवस ‘हा कुठला श्याम’ म्हणून कुरकुरत राहिले. नावापुढे कंसात वर्ष लिहिले आणि प्रश्न मिटला. नाटकांचे मात्र तसे जमत नाही, कारण त्या माहितीसाठ्यात नाटके जवळजवळ नाहीतच. त्यांच्यासाठी प्रत्येकी एक एनएफओ फाइल, म्हणजे कोडी वाचतो ती माहितीची छोटी फाइल, हाताने लिहावी लागली, शेजारी व्हीसीडीच्या वेष्टनाचा फोटो ठेवावा लागला आणि त्यात दिवाळीची सगळी सुट्टी गेली. त्या कामाचे मला मुळीच वाईट वाटले नाही, परंतु ज्यांना असली हौस नाही त्यांनी हे आधी जाणून घ्यावे.

देवनागरीच्या बाबतीत थोडी डागडुजी लागते. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन केलेली नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते, आणि अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर देवनागरी असलेला एखादा मुक्त फॉन्ट कोडीच्या मीडिया फोल्डरातल्या फॉन्टांच्या जागी ठेवून उपशीर्षकांसाठी निवडावा लागतो.

आता उणिवा. ज्यांचे सारे पाहणे पैसे भरून घेतलेल्या ओटीटी सेवांवर आहे, त्यांनी हा संच मुळीच घेऊ नये. त्या सेवा कोडीला अधिकृतपणे पाठिंबा देत नाहीत. हौशी लोकांनी लिहिलेली अॅड-ऑन, म्हणजे कोडीला जोडायची छोटी पुरवणी, असतात, पण चित्रफितींची नक्कल होऊ नये म्हणून या सेवा लावतात त्या वाइडवाइन या कुलपाची वरची पातळी इथे उपलब्ध नसल्यामुळे चित्राचा दर्जा उतरवला जातो आणि सेवेने काही बदलले की अॅड-ऑन बंद पडते. यूट्यूबच्या अॅड-ऑनलाही गूगलकडून स्वतःची एपीआय की, म्हणजे सेवा वापरण्याचा सांकेतिक परवाना, मिळवून भरावी लागते. मी ती भरली, पण शेजाऱ्यांना तसे करायला सांगण्याचे धाडस होत नाही. आमच्याकडे ओटीटीसाठी टीव्हीचीच अॅप वापरली जातात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बाजारात ‘सगळे चित्रपट फुकट’ असे सांगून कोडी घातलेले डबे विकले जातात, त्यांच्याशी या प्रकल्पाचा काहीही संबंध नाही आणि त्या वाटेला जाऊही नये.

वीज जाण्याचे भय मला सुरुवातीला फार होते. लिब्रेएलेकची मूळ प्रणाली एका दाबून बसवलेल्या फाइलीत असते आणि ती केवळ वाचली जाते, तिच्यावर काही लिहिले जात नाही. त्यामुळे अचानक अंधार झाला तरी प्रणाली सहसा बिघडत नाही. आपली सेटिंग आणि संग्रहाची यादी मात्र दुसऱ्या भागात असते आणि तिथे सतत लिहिणे चालू असते. पावसाळ्यात एकदा ती यादी खराब झालीच. त्यानंतर लिब्रेएलेकच्या सेटिंगमधूनच बॅकअप घेऊन तो लॅपटॉपवर ठेवण्याची सवय लावली आणि पाय इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला.

बहिणीने पुण्यात असाच संच जुळवून मागितला आहे, पण तिच्याकडे इंटेल एन१०० प्रोसेसरचा एक मिनी पीसी आधीच पडून आहे. त्यावर लिब्रेएलेकची पीसीसाठीची आवृत्ती बसते, पायला हार्डवेअरमधून न जमणारा एव्ही१ हा चित्रफितींचा प्रकारही तो सहज उलगडतो आणि त्याला चालू करायचे बटणही आहे. त्याच्या एचडीएमआयमधून सीईसी मात्र येत नाही, म्हणून फ्लर्क नावाचा छोटा यूएसबी रिसीव्हर मागवला आहे. घरात पडलेल्या एखाद्या जुन्या रिमोटची बटणे त्याला शिकवता येतात. बिघडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट मी त्यासाठी शोधून ठेवला आहे, फक्त त्याच्या सेलच्या खाचेतली गंजलेली स्प्रिंग घासायची राहिली आहे.