पीयूच्या नावाने सिलिकॉन : गाडीची बाजूची काच बदलताना झालेली फसवणूक

सात आसनी गाडीच्या शेवटच्या रांगेलगत जी न उघडणारी काच असते, ती दाराच्या काचेप्रमाणे वरखाली होत नाही आणि जुन्या जीपच्या काचेप्रमाणे रबरी पट्टीत अडकवलेलीही नसते. ती पत्र्याच्या चौकटीला पॉलियुरेथेनने, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सगळे ‘पीयू’ म्हणतात त्या चिकटद्रव्याने, कायमची जोडलेली असते. अशी काच बदलण्याच्या कामात ग्राहकाला फसवणे फार सोपे आहे, कारण कामाचा सगळा कस काचेच्या कडेला असलेल्या काळ्या पट्ट्यामागे झाकला जातो आणि आत काय भरले आहे हे काच पुन्हा उतरवल्याशिवाय दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका दुकानात माझी अशीच फसवणूक झाली. दुकानाचे नाव येथे देत नाही. फसवण्याची रीत सर्वांना कळावी, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

गणपतीच्या तोंडावर रस्त्याकडेचे गवत काढण्याचे काम सगळीकडे चालू असते. अशाच एका यंत्राच्या पात्याखालून उडालेला खडा माझ्या गाडीच्या डाव्या बाजूच्या काचेवर बसला. बाजूच्या काचा टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात, त्यामुळे समोरच्या काचेसारखा त्यांना नुसता तडा जात नाही. क्षणात सबंध काचेचे बारीक दाणे झाले, निम्मे आत सीटवर सांडले आणि कडेचे दाणे पीयूच्या काळ्या थराला चिकटून चौकटीतच राहिले. अधिकृत सर्व्हिस सेंटरने काच मागवावी लागेल व ती केव्हा येईल हे सांगता येणार नाही, असे कळवले. पाऊस थांबलेला नव्हता आणि मुंबईहून येणाऱ्या घरच्या माणसांना स्टेशनवरून आणायला गाडी हवी होती. ही घाई एकट्या माझी नव्हती, त्या दिवसांत कोकणात प्रत्येकालाच ती असते, आणि महामार्गावरचे काही दुकानदार तिच्यावरच हंगाम काढतात असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

दुकानदाराने कंपनीची नवीन काच, पीयू, प्रायमर (पीयू नीट धरावे म्हणून आधी लावायचा थर) आणि मजुरी मिळून 9,500 रुपये सांगितले. विम्याचा विषय मी काढताच त्याने तो झटकून टाकला. “साहेब, क्लेम करू नका, नो क्लेम बोनस जाईल,” असे तो म्हणाला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट बुडेल, आणि ते खोटे नव्हते. मात्र जे त्याने सांगितले नाही तेही तितकेच खरे होते. खाजगी गाडीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, पण काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आणि त्यावरील गाडीला 2,000 रुपये एवढा सक्तीचा वाटा तेवढा मालकाने सोसायचा असतो. बोनसची रक्कम मोठी असेल तर क्लेम न करणे शहाणपणाचे ठरते, हे मान्य. परंतु क्लेम झाला की विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, गाडी पाहतो, फोटो काढतो, भागांचे पक्के बिल मागतो, आणि या दुकानदाराला नेमके तेच नको होते.

काम सुरू होताच त्याने मला बाहेर काढले. आत काचेचे तुकडे आहेत, पायाला लागतील, तुम्ही चहा घेऊन या, असे अगदी काळजीच्या स्वरात सांगितले. परत आलो तेव्हा नवी काच चौकटीत बसलेली होती, तिच्यावर आडव्या टेपा मारलेल्या होत्या आणि गाडीत व्हिनेगरसारखा उग्र, आंबूस वास कोंदला होता. वासाबद्दल विचारले तेव्हा “नवीन मटेरियल आहे, दोन दिवसांत जाईल” हे उत्तर मिळाले.

हा वास म्हणजेच चोरीचा पुरावा होता. काचेची कपाटे, मत्स्यटाक्या आणि मोऱ्यांच्या फटी भरण्यासाठी जे स्वस्त सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते. व्हिनेगरचा वास त्याचाच. पीयूला असा वास येत नाही. प्रश्न केवळ वासाचा असता तर तक्रार नव्हती. हे आम्ल उघड्या पोलादी पत्र्याला गंज आणते, सिलिकॉनची पकड पीयूइतकी भक्कम नसते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ज्या जागेवर एकदा सिलिकॉन लागले तेथे पुढे पीयूही धरत नाही आणि रंगही धरत नाही. म्हणजे चुकीच्या कामाचा खर्च तर होतोच, शिवाय योग्य काम करणे महाग होऊन बसते.

पहिल्याच मोठ्या सरीत काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आत आले. वरून काही दिसत नव्हते. जॅक ठेवण्याच्या खोबणीत पाणी साचले आणि मागच्या गालिच्याला कुबट वास येऊ लागला तेव्हा ते लक्षात आले. दुकानदाराने बाहेरून कडेला सिलिकॉनचा आणखी एक थर फासला. पुन्हा गळाले, पुन्हा फासला. शेवटी मी सरळच विचारले की आत पीयू भरले आहे की नाही, तेव्हा त्याने जे उत्तर दिले ते मुद्दाम नोंदवून ठेवण्यासारखे आहे. कोकणच्या दमट हवेत पीयू टिकत नाही, म्हणून आम्ही इकडे सिलिकॉनच वापरतो, असे तो म्हणाला. ऐकणाऱ्याला हे पटण्यासारखे वाटते, कारण आपल्याकडे पत्रा, लाकूड, वायरिंग सगळ्यालाच दमट खारी हवा भोवते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. काचेसाठी सर्रास वापरले जाणारे एकघटकी पीयू हवेतील बाष्प शोषूनच घट्ट होते. साधारण 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेत ते चोवीस तासांत सुमारे तीन मिलिमीटर खोलीपर्यंत घट्ट होते, आणि आर्द्रता वाढली की हा वेग कमी न होता वाढतो. चिकटवण्याच्या जागेवर पाण्याचा थेंब किंवा ओल असू नये, हे खरे. पण ओला पत्रा ही एक गोष्ट आणि दमट हवा ही दुसरी, आणि त्याने या दोन्हींची जाणूनबुजून सरमिसळ केली होती.

दिवाळीनंतर आंबा घाट चढून गाडी कोल्हापूरला नेली. तेथील काच बसवणाऱ्या वयस्क कारागिराने काचेच्या खालच्या कडेत प्लॅस्टिकची पट्टी सरकवली आणि काळ्या थराचे टोक चिमटीत धरून ओढले. दुधावरची साय उचलावी तशी त्या थराची पट्टी एका लांबीत सुटून आली. “पीयू न्हवं हे, सिलिकॉन हाय. बोटानं बघा,” असे म्हणत त्याने ती माझ्या हातात दिली, बोटांना तिचा तेलकट गुळगुळीतपणा लगेच जाणवला. त्यानंतर त्याने शेजारच्या गाडीच्या काचेचे मूळ पीयू दाखवले. त्याच्या कडेत नख रुतले, पण ते तसूभरही सुटेना. अशी काच काढायची तर चिकटद्रव्याच्या थरातून बारीक तार ओवून, एकाने आतून आणि एकाने बाहेरून करवतीसारखी ओढत तो थर कापावा लागतो. माझ्या गाडीची काच मात्र दोन रबरी चोषक लावून थोडा जोर देताच उचलली गेली. याच गाडीने आम्ही महामार्गावरून वेगाने प्रवास करत होतो आणि त्या काचेला टेकून घरातली मुले बसत होती.

काच बाहेर आल्यावर दुसरी चोरी उघडी पडली. तिच्या काळ्या पट्ट्यावर जुन्या पीयूचा कापलेला, धुळीने माखलेला थर तसाच होता आणि त्याच्यावरच सिलिकॉन दाबलेले होते. आतल्या कडेला सनफिल्म सोलून काढल्यावर उरतो तसा डिंकाचा माग होता. माझ्या गाडीला कधीच फिल्म लावलेली नव्हती. कोपऱ्यावरच्या उत्पादकाच्या खुणेत वर्ष दर्शवणारा जो आकडा असतो, तो माझ्या गाडीच्या निर्मितीच्या वर्षाआधीचा निघाला. काच भंगारात गेलेल्या गाडीची होती. तशी काच वापरण्यात स्वतःहून काही गैर नाही, ती टफनच होती आणि तिच्यावर आयएस 2553 हा मानकाचा क्रमांकही होता. पण ती जुनी म्हणून, जुन्याच्या किमतीला द्यायला हवी होती.

चौकटीची अवस्था सर्वांत वाईट होती. काच फुटल्यावर कडेला चिकटलेले दाणे काढताना जुन्या पीयूचा एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर पत्र्यावर राखायचा असतो, कारण ताज्या पीयूला धरायला त्याच्याइतकी चांगली जमीन दुसरी नाही. त्याखालचा कंपनीचा रंगही त्यामुळे शाबूत राहतो. माझ्या चौकटीत तो थर पटाशीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने मुळापासून खरवडला होता, रंगावर उभे-आडवे ओरखडे होते, आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला प्रायमरचा हातसुद्धा लागलेला नव्हता. त्या ओरखड्यांवर आम्ल सोडणारे सिलिकॉन, वर पावसाचे पाणी आणि समुद्रावरची खारी हवा. खालच्या कडेला तांबूस गंजाचे फोड आले होते आणि त्याच पोकळीत असलेल्या सीटबेल्टच्या रिळाच्या पट्टीवरही गंज उतरला होता. सिलिकॉनचा अंश न अंश काढणे, गंज घासून प्रायमर व रंग लावणे, तो वाळू देणे आणि मग पीयू, या साऱ्याला काचेपेक्षा अधिक पैसे लागले.

कोल्हापूरच्या कारागिराने काम माझ्यासमोर केले, म्हणून योग्य काम कसे दिसते ते सांगता येते. पीयू नळकांड्यात येते, 310 मिलिलिटरचे नळकांडे किंवा 600 मिलिलिटरचे गुंडाळे, आणि त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. ती त्याने आधी मला वाचायला लावली. काचेच्या काळ्या पट्ट्यावर आणि पत्र्यावर जेथे रंग उघडा होता तेथे काळा प्रायमर लावून तो वाळेपर्यंत थांबला. नळकांड्याच्या नळीला त्याने व्ही आकाराची खाच कापली होती, त्यामुळे पीयूची पट्टी त्रिकोणी, उभी आणि कोठेही न तुटलेली पडली. पट्टी पडताच काच बसवली, कारण वरची साय धरली की मग काच नीट चिकटत नाही. टेपा मारल्यावर त्याने समोरची एक काच थोडी खाली ठेवायला सांगितली; दार आपटल्यावर आतल्या हवेचा दाब ताज्या जोडावर येऊ नये, यासाठी. गाडी केव्हा हलवायची तेही त्याने नळकांड्यावरचा मजकूर पाहूनच सांगितले. “लगेच घेऊन जा, काही होत नाही” असे कोणी म्हणाले तर त्याला नळकांडे दाखवायला सांगावे.

माझे म्हणणे असे की पाहण्यासारखा क्षण एकच आहे : जुनी काच निघाल्यावर आणि नवी बसण्याच्या आधी. त्या वेळी उघड्या चौकटीचा, नव्या काचेच्या चारही कडांचा, तिच्या कोपऱ्यावरील खुणेचा आणि चिकटद्रव्याच्या नळकांड्याचा फोटो घ्यावा. तेव्हा जो तुम्हाला चहाला पाठवतो त्याच्याकडे गाडी ठेवू नये. बिलात ‘काच बसविणे, एकूण’ अशी एक ओळ न घेता काच, पीयू, प्रायमर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. माझ्या पावतीवर महाराष्ट्राच्या 27 या आकड्यांनी सुरू होणारा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक होता. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर घातला तेव्हा नोंदणी रद्द झालेली दिसली. ही तपासणी मोबाइलवर दुकानाच्या दारातच होते.

तक्रार तोंडी करून उपयोग झाला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद केली आणि पावती, फोटो व कोल्हापूरच्या कारागिराचे लेखी म्हणणे जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही, हेही नोटिशीत लिहिले होते. त्या वाक्यानेच काम झाले असावे, कारण एरवी फोन न उचलणारा दुकानदार पैसे परत करतो म्हणून स्वतःहून घरी आला. त्याने काचेचे व मजुरीचे मिळून 6,000 रुपये देऊ केले आणि ‘सर्व हिशेब मिटला’ असे लिहिलेला कागद पुढे केला. तो मजकूर मी खोडला, ‘रक्कम अंशतः मिळाली, गंजदुरुस्तीचा खर्च बाकी’ असे त्याच्यासमोर लिहिले, आणि त्याखाली दोघांच्याही सह्या झाल्यावरच पैसे घेतले. बाकीच्या रकमेसाठी आयोगाकडे अर्ज दाखल केला आहे.