ब्रेक पॅड घेताना डबा सोडा, कड वाचा

पुढच्या चाकांना सिरॅमिक पॅड बसवून बरेच महिने झाले. त्याआधी सेमी-मेटॅलिक होते आणि त्याच्याही आधी गाडीबरोबर आलेले मूळचे. गाडी साधी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. वापर म्हणजे सकाळची गर्दी, संध्याकाळची गर्दी आणि अधूनमधून हायवे. हे आधी सांगते, कारण समोरच्याची गाडी कशी चालते ते कळल्याशिवाय ब्रेक पॅडबद्दल त्याचं मत ऐकू नये. रेससाठी बनवलेला पॅड माझ्या गाडीला बसवला तर पहिल्याच सिग्नलला घाम फुटेल. तसले पॅड चांगले तापल्यावर पकडतात आणि सिग्नल ते सिग्नल रांगणाऱ्या गाडीचे ब्रेक तेवढे तापतच नाहीत.

आधी तक्रारी. सकाळी गाडी बाहेर काढल्यावर पहिले एकदोन ब्रेक जरा मऊ लागतात. गाडी थांबते, पण पाय किंचित जास्त दाबावा लागतो. दुसरं, डब्यात नव्या क्लिपा नव्हत्या. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा; त्याच्या ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्यांच्यावर सरकतात, त्या स्टीलच्या पातळ पट्ट्या म्हणजे क्लिपा. जुन्या, गंजलेल्या तशाच ठेवल्या तर नवा पॅड अडकतो, डिस्कला घासत राहतो आणि वाकडातिकडा झिजतो. मला त्या वेगळ्या मागवाव्या लागल्या. पॅडबरोबर एवढं तरी द्यायला हवं की नाही?

बाकी खूश आहे. आवाज नाही, हे सगळ्यात मोठं. आधीचे सेमी-मेटॅलिक पॅड हळू वेगात असे करकरायचे की पार्किंगमधले लोक मान वळवून बघायचे. त्या जातीच्या पॅडमध्ये वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो. म्हणून ते उष्णता चांगली वाहून नेतात आणि लांब उतारावर टिकतात, पण डिस्क जास्त खातात आणि चाकांवर काळी पूड चढवतात. सिरॅमिकची पूड फिकट असते, चाकाला तितकी चिकटत नाही. तिसरी जात ऑरगॅनिक. मऊ, शांत, थंडीतही लगेच पकडणारी, मात्र लवकर झिजते आणि फार तापली की दम सोडते. निवांत चालवणाऱ्याला तीही चालेल.

पण डब्यावर सिरॅमिक लिहिलंय म्हणून मी हा सेट घेतला नाही. प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं असतं आणि ते कुणी सांगत नाही. मी पाहिली ती पॅडची कड. घर्षण करणाऱ्या थराच्या कडेवर छोट्या अक्षरांत एक लांबलचक कोड छापलेला असतो, त्यात दोन इंग्रजी अक्षरं जोडीने येतात. पहिलं अक्षर पॅड साधारण गरम असतानाची पकड सांगतं, दुसरं खूप तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक (पकडीचा आकडा) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड घटते.

माझ्या मूळच्या पॅडवर एफएफ होतं, सेमी-मेटॅलिकवर जीजी. ‘मॅडम, हे बसवले की ब्रेक एकदम कडक,’ असं मेकॅनिक म्हणाला होता आणि त्याचं खरंच होतं. इतके कडक की पेडलला नुसता पाय लागला तरी शेजारी बसलेल्याची मान पुढे जायची. गर्दीत दर दहा फुटांवर ब्रेक लागतो, तिथे हा गुण राहत नाही. आताच्या सेटवर पुन्हा एफएफ आहे आणि पाय लगेच रुळला. अर्थात ही अक्षरं म्हणजे सर्वस्व नव्हे. ती छोट्या तुकड्यावरच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतून येतात. पॅड किती टिकेल, वाजेल का, गाडी किती फुटांत थांबेल, यातलं काहीच त्यांच्यातून कळत नाही.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे ९०आर हा शिक्का, वर्तुळातल्या ई अक्षराशेजारी असतो तो. युरोपातल्या नियमानुसार अशा पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. खूप कमी पकड चालत नाही, तशी खूप जास्तही नाही. रोजच्या गाडीला हेच हवं, असं माझं ठाम मत. कडेवर काहीच छापलेलं नसेल तर तो पॅड मी हातातही धरणार नाही.

बसवण्याबद्दल थोडं. पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. जुने काढले तेव्हा आतल्या बाजूचा पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ निघाला, कारण कॅलिपरची पिन जाम झाली होती. चाकाच्या फटीतून डोकावलं तर दिसतो तो बाहेरचा पॅड, म्हणून मेकॅनिकला आतला दाखवायला सांगा. थर ३ मिलिमीटरवर आला की नवे मागवा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही मोजून घ्या, नाहीतर नवे पॅड पातळ डिस्कवर बसतील. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, मागे ढकललेला असतो, तेव्हा गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं.

आणि नवे पॅड बसले की लगेच गर्दीत घुसू नका. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, मग थोडं मोकळं चालवून गार होऊ देणं, असं काही वेळा करा. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढतो आणि सिरॅमिकची पकड बरीचशी त्याच थरावर असते. तापलेला पॅड दाबून धरून गाडी पूर्ण उभी करायची नाही, नाहीतर थर एकाच जागी साचतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. आधीच्या पॅडचा थर डिस्कवर राहिलेला असतो, तो मी आधीच घासून काढायला लावला होता.

पुन्हा हेच घेईन का? माझ्या वापराला, हो. पण रोज भरलेली गाडी घेऊन घाट उतरणाऱ्याला हे सुचवणार नाही. त्यांनी चांगले सेमी-मेटॅलिक घ्यावेत आणि थोडी करकर सहन करावी.