चाळीस सेकंदांची ख्यालीखुशाली: व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज

कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या आम्ही तिघी आता पुणे, नागपूर आणि टोरांटो अशा विखुरलेल्या आहोत. पुणे आणि टोरांटो यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते, त्यामुळे मी सकाळचे डबे भरत असते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची निजानीज सुरू झालेली असते. "रविवारी निवांत बोलू" म्हणून पुढे ढकललेला फोन महिनोन्‌महिने राहून जाई. व्हॉट्सॲपने व्हॉइस मेसेजची, म्हणजे बोललेला निरोप पाठवण्याची, सोय २०१३ साली दिली. आम्ही मात्र ती बऱ्याच उशिरा मनावर घेतली.

वापरण्यात शिकण्यासारखे फारसे काही नाही. माइकच्या चिन्हावर बोट दाबून धरायचे, बोलायचे आणि बोट उचलायचे, की निरोप गेला. बोट वर सरकवले तर रेकॉर्डिंग चालूच राहते आणि हात मोकळे होतात, म्हणून माझे निम्मे मेसेज कणीक मळताना बोललेले असतात.

गेल्या जानेवारीत टोरांटोहून आलेला मेसेज जेमतेम चाळीस सेकंदांचा होता. मैत्रीण गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती, त्याची खरखर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येत होती, आणि मध्येच धापा टाकत ती एवढेच म्हणाली, "काल पुन्हा वरण खाली लागलं गं." वरण लागले हे सांगायला कोणी परदेशातून मुद्दाम फोन करत नाही, आणि टाइप करायला घेतले तर ते सांगण्याजोगे वाटत नाही. नागपूरच्या मैत्रिणीचे मे महिन्यातले मेसेज कूलरच्या घरघरीसकट येतात. उन्हाचे वर्णन तिला वेगळे करावे लागत नाही. रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांतून एवढे कधी कळले नव्हते.

मेसेज दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकता येतो. कार्यालयीन सूचनांसाठी हे ठीकच, परंतु मैत्रिणीचे रडगाणे दुप्पट वेगाने ऐकणे मला अप्रशस्त वाटते, शिवाय नागपूरवाली मुळातच त्या वेगाने बोलते. निळ्या खुणा सेटिंगमधून बंद केल्या तरी मेसेज ऐकल्याची खूण पाठवणाऱ्याला दिसतेच, तेव्हा ऐकून गप्प बसणाऱ्यांनी सावध असावे. लिहिलेल्या मजकुरात शब्द टाकून शोध घेता येतो, तसा बोललेल्या शब्दांत घेता येत नाही, ही मोठी उणीव आहे. सांडग्यांचे प्रमाण कोणत्या मेसेजमध्ये सांगितले होते, हे आठवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. जपून ठेवायचे मेसेज वेळीच तारांकित करणे हा त्यावरचा साधा उपाय. माझ्या त्या यादीत बर्फाची खरखर सर्वांत वर आहे आणि सांडगे राहून गेले आहेत.